आकाशातला गडी



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला गेल्यापासून तीन-चार जणांनी मला वाटेत थांबवून एकच प्रश्न विचारला. ‘काय हो, तो यंत्रमानव आता खरोखरीच माणसाच्या बरोबरीने अंतराळात काम करणार काय?’ विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र होते ते मला दिसत होते. पोलादी छाती, काचेचे डोळे, जड पावले आणि नाकात बोलल्यासारखा आवाज! सिनेमाने आणि गोष्टींच्या पुस्तकांनी हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसवले आहे की, त्याखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येतच नाही. ह्या चित्राशी माझे आज थोडे भांडण आहे, आणि ते भांडण मी प्रथम शब्दापासूनच उकरून काढणार आहे.

‘रोबो’ हा शब्द जगाला दिला तो कारेल चापेक नावाच्या चेक नाटककाराने, १९२० साली लिहिलेल्या एका नाटकात. शब्द सुचवला त्याच्या भावाने, जोसेफने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे ह्याला अगदी नेमका शब्द आहे, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता. तो शब्द म्हणजे वेठ. चापेकच्या नाटकातली ती पात्रे माणसासारखी दिसत होती हे खरे. पण शब्दात माणूस नव्हता, काम होते. आपण मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणालो आणि त्यात मानव आपल्या पदरचा घातला. मानव म्हटला की त्याला दोन हात आले, दोन पाय आले, तोंड आले. आणि तोंड आले की बोलणे आलेच!

म्हणून आज मी ‘गडी’ हा शब्द वापरणार आहे. घरकामाला ठेवतो तोही गडी, आणि हुतुतूच्या डावात आपल्या बाजूने उतरतो तोही गडीच. पहिल्याला आपण कामे सांगतो. दुसऱ्याला सांगत बसायला डावात सवड नसते. त्याने आपले आपण ओळखून उडी घ्यायची असते. अंतराळयानातल्या मदतनीस यंत्राची गेल्या वीस वर्षांची हकीकत म्हणजे पहिल्या प्रकारच्या गड्याला दुसऱ्या प्रकारचा गडी करण्याची खटपट आहे. ती कोठवर आली आहे आणि कोठे अडली आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आधी घर कसे आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची जोडणी १९९८ साली सुरू झाली आणि नोव्हेंबर २००० पासून पुढली पंचवीस वर्षे ते एक दिवसही रिकामे राहिले नाही. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालते. बहुधा सहा-सात माणसे तेथे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, ही मंडळी दिवसभर शास्त्रीय प्रयोग करीत असतील आणि खिडकीतून पृथ्वी पाहत असतील. प्रत्यक्षात तो एक संसार आहे, आणि संसारात जे होते तेच तेथे होते. झोपेला साडेआठ तास धरलेले असतात. वजन नाहीसे झाल्यामुळे हाडे आणि स्नायू झिजतात, म्हणून रोज दोन-अडीच तास व्यायाम सक्तीचा. उरलेल्या वेळात हवेच्या गाळण्या साफ करा, शौचकूप दुरुस्त करा, आलेले सामान उतरवा, कचरा बांधा, कोणती पिशवी कोठे ठेवली त्याची नोंद करा, केलेल्या कामाचे फोटो काढून खाली पाठवा. आणि हे सगळे आटोपल्यावर मग विज्ञान!

ह्या वेळाची किंमत काय? नासाने २०१९ साली व्यापारी कामांसाठी एक दरपत्रक जाहीर केले. त्यात अंतराळवीराच्या एका तासाला १७,५०० डॉलर पडतील असे म्हटले होते. त्या वेळच्या हिशेबाने बारा लाख रुपये. आणि नुसत्या पैशाने ही गोष्ट कळत नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात ‘स्कायलॅब’ ह्या अमेरिकन स्थानकावर तिसरी तुकडी गेली. कार, गिब्सन आणि पोग हे तिघे, आणि तिघेही पहिल्यांदाच अंतराळात गेलेले. आधीची तुकडी शेवटी ज्या वेगाने कामे उरकीत होती तोच वेग जमिनीवरच्या लोकांनी ह्यांच्या दिनक्रमात पहिल्यापासून धरला. मिनिटामिनिटाचे काम बांधलेले. एखादी वस्तू सापडायला पाच मिनिटे उशीर झाला की पुढले सारे गणित कोसळायचे. महिना-दीड महिना हे चालले, आणि ३० डिसेंबरला जमिनीशी त्यांचे सविस्तर बोलणे झाले. जेवणाचा वेळ जेवणाला, संध्याकाळचा वेळ आमचा. आणि किरकोळ कामांची यादी द्या, ती आम्ही आमच्या सोयीने करू. हे मान्य झाल्यावर काम कमी न होता उलट वाढले. वर्तमानपत्रांनी पुढे ह्या प्रकाराला ‘अंतराळातला संप’ असे खमंग नाव दिले. संपबिंप काही नव्हता. परंतु माणसाला किरकोळ कामांत पिळून काढले तर काय होते हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले.

किरकोळ कामे म्हणजे किती किरकोळ, त्याचे एक अलीकडचे उदाहरण सांगतो. फ्रँक रुबिओ हे अमेरिकन अंतराळवीर ३७१ दिवस वर राहून सप्टेंबर २०२३ मध्ये परत आले. मार्च महिन्यात त्यांनी वर वाढवलेल्या टोमॅटोच्या रोपाची फळे तोडली. त्यांतला त्यांच्या वाटणीचा लहानसा टोमॅटो एका पिशवीत होता. ती पिशवी हातची सुटली आणि तरंगत नाहीशी झाली. गृहस्थांनी कितीतरी तास शोधाशोध केली. बाकीचे थट्टेने म्हणू लागले, ह्यांनीच खाल्ला असेल! रुबिओ खाली आल्यानंतर, डिसेंबरात, तो टोमॅटो सापडला. सुकलेला, थोडा चेपलेला. आपल्या घरात वस्तू पडली तर खाली पडते, म्हणून आपण खाली वाकून पाहतो. तेथे ‘खाली’ ही दिशाच नाही. वस्तू हवेच्या झुळकीबरोबर हिंडते. म्हणून काही हरवले की वरची माणसे प्रथम हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी जाऊन पाहतात.

तेव्हा गडी ठेवावा हा विचार साहजिक होता. प्रश्न असा की, कसा गडी ठेवावा? ह्या बाबतीत शहाण्यासुरत्या लोकांनी बऱ्याच चुका केल्या, आणि त्या चुका मला यशापेक्षा जास्त शिकवणाऱ्या वाटतात.

सर्वांत मोठी हौस माणसासारख्या गड्याची. ‘रोबोनॉट’ नावाचे यंत्र नासाने एका मोटार कंपनीच्या सहकार्याने बनवले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून वर पाठवले. वजन सुमारे दीडशे किलो. डोके, धड, दोन हात, आणि बोटे तर अशी कुशल की घड्याळजीने कौतुक करावे. माणसाच्या आकाराच्या बाजूने जो युक्तिवाद होता तो काही पोरकट नव्हता. स्थानक माणसाच्या हातांसाठी बांधले आहे. त्यातल्या मुठी, कळा, बटणे, पाने-पकडी सगळे पाच बोटांच्या मापाचे. मग गड्यालाही तीच बोटे दिली तर वेगळी हत्यारे पाठवायला नकोत. पुढे-मागे बाहेरच्या पोकळीतली धोक्याची कामेही त्याच्याकडून करून घेता येतील.

फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने स्थानकाच्या कप्तानाशी, डॅनियल बर्बँक यांच्याशी, हस्तांदोलन केले. साऱ्या जगाने फोटो छापले. त्याने बटणे दाबून दाखवली, हवेच्या झोताचा वेग मोजला, पकडायच्या दांड्या पुसल्या. पण ह्यातल्या प्रत्येक कामाआधी काय होत असे? एका अंतराळवीराने त्याला बांधून ठेवलेल्या जागेवरून सोडवायचे, खांबावर बसवायचे, तारा जोडायच्या, आणि काम संपले की पुन्हा आवरून ठेवायचे. दांडी पुसायला दहा मिनिटे आणि पुसणाऱ्याची उठबस करायला त्याच्या कितीतरी पट! २०१४ साली त्याचे पाय वर गेले. ते बसवणे म्हणजे शस्त्रक्रियाच, आणि ती अंतराळवीरांनीच केली. त्यानंतर त्याच्या विजेच्या व्यवस्थेत खोड निघाली. आज चालावे, उद्या बंद पडावे. महिन्यांमागून महिने वरची माणसे त्याची पाठ उघडून पाहत होती आणि जमिनीवरचे तज्ज्ञ माना हलवीत होते. शेवटी २०१८ साली त्याला खोक्यात घालून खाली आणले. मला ह्या यंत्राबद्दल अनादर नाही. त्याच्या बोटांपासून जे शिकायला मिळाले ते मोलाचे आहे. पण गड्याची शुश्रूषा धन्याने करावी अशी वेळ आली, तर तो गडी राहत नाही, पाहुणा होतो. माझ्या घरी कपडे धुण्याचे एक यंत्र आहे. ते दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवून मला बोलावते. त्याच्यापायी मी कोणतेही पुस्तक सलग वाचू शकत नाही!

रशियनांनी ह्यावर कडी केली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी ‘सोयुझ’ यानाच्या मधल्या, म्हणजे कप्तानाच्याच, आसनावर ‘फेडोर’ नावाचा एक यंत्रपुरुष बसवून धाडला. दुसरे कोणी यानात नव्हते. २४ तारखेला यान स्थानकाजवळ गेले आणि जोडणीसाठी लागणाऱ्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला. आसनावर माणूस असता तर त्याने हाताने यान चालवून नेले असते. तसे शिक्षण प्रत्येक सोयुझ-कप्तानाला असते. हा मात्र बसून राहिला. त्याला ते शिकवलेलेच नव्हते. यान मागे घ्यावे लागले. मग २६ तारखेला तीन अंतराळवीर हातातली कामे टाकून आपल्या यानात बसले, ते एका धक्क्यावरून सोडवून दुसऱ्या धक्क्याला लावले, आणि रिकाम्या झालेल्या चांगल्या धक्क्याला २७ तारखेला फेडोरसाहेबांचे यान लागले. कप्तानाची खुर्ची मिळाली म्हणून कोणी कप्तान होत नाही, हे आपल्याला नवे नाही.

दुसरी हौस बोलणाऱ्या गड्याची. जपानने २०१३ साली ‘किरोबो’ नावाचा ३४ सेंटिमीटर उंचीचा बाहुला पाठवला. कोइची वाकाता ह्या अंतराळवीराशी तो जपानी भाषेत गप्पा मारीत असे. २०१८ साली जर्मनांनी ‘सायमन’ पाठवला. हा म्हणजे पाच किलोचा एक गोळा. समोर पडदा आणि पडद्यावर रेघांनी काढलेला चेहरा. अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट यांच्याशी नोव्हेंबरात त्याची पहिली भेट झाली. गेर्स्टनी आवडीचे गाणे लावायला सांगितले, त्याने लावले. मग ते बंद करायला सांगितले तर सायमनचे मन काही गाण्यातून निघेना. थोडे बोलणे झाल्यावर तो गेर्स्टनाच म्हणू लागला की, माझ्याशी जरा प्रेमाने वागा! वर्तमानपत्रांनी ह्यावर यथेच्छ करमणूक करून घेतली.

मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. सायमन बोलत होता वर, पण विचार करीत होता खाली. गेर्स्टचे वाक्य उपग्रहांमार्गे युरोपातल्या नियंत्रण केंद्रात, तेथून जर्मनीतल्या फ्रँकफुर्टजवळच्या मोठ्या संगणकांकडे जाई; तेथे उत्तर तयार होऊन ते उलट वाटेने वर येई. स्थानक चारशे किलोमीटरवर आहे तोवर हे दोन-चार सेकंदांत जमते. म्हणजे ज्याला आपण हुशार सोबती समजत होतो तो एक दूरध्वनी होता. हे त्याच्या कर्त्यांनी लपवले नव्हते. आपण मात्र चेहरा पाहिला आणि फसलो. हा दूरध्वनीचा मुद्दा कृपा करून लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आता ज्या गड्याबद्दल मला मनापासून आदर आहे त्याच्याकडे वळतो. त्याला चेहरा नाही.

त्याचे पूर्वज बोस्टनजवळच्या एम. आय. टी. ह्या विद्यापीठात जन्मले. १९९९ साली डेव्हिड मिलर ह्या प्राध्यापकांनी एका गाजलेल्या अंतराळ-चित्रपटातला तरंगता चेंडू विद्यार्थ्यांना दाखवला आणि म्हटले, असे काही करून दाखवा. विद्यार्थ्यांनी केले. ‘स्फिअर्स’ ह्या नावाचे असे तीन गोळे २००६ साली स्थानकावर पोहोचले. पोटात कार्बन डायऑक्साइडची नळकांडी. त्यातला वायू बारीक तोट्यांतून सोडून ते हलत. ठराविक जागी बसवलेल्या ठोकळ्यांकडून येणाऱ्या, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजांवरून आपण कोठे आहोत ते ओळखत. बारा-तेरा वर्षे त्यांनी चांगली सेवा केली. पण वायू संपला की नळकांडे बदला, बॅटरी संपली की बॅटरी बदला, आणि ठोकळ्यांनी आखलेल्या दोन मीटरच्या चौकाबाहेर ते आंधळे. थोडक्यात, खेळायला चांगले, कामाला बेताचे.

हे सगळे दोष ज्यांनी रोज पाहिले त्यांनी पुढला गडी बनवला. नासाच्या कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्रात तयार झालेल्या ह्या यंत्राचे नाव ‘ॲस्ट्रोबी’, म्हणजे आकाशातली मधमाशी. ‘बंबल’, ‘हनी’ आणि ‘क्वीन’ अशा तिघी २०१९ साली वर गेल्या, आणि त्याच वर्षी १४ जूनला बंबलने जपानी विभागात आपले पहिले स्वतंत्र उड्डाण केले. दिसायला काय, तर साधारण एक फूट लांबी-रुंदी-उंचीचा चौकोनी डबा. आपल्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याची आठवण व्हावी असा.

पण त्या डब्याची रचना पाहा. वायूची नळकांडी नाहीत. दोन्ही बाजूंना पंखे आहेत. ते खोलीतलीच हवा आत घेतात आणि बारा तोट्यांतून हवी तशी बाहेर सोडतात. भर म्हणून काही पुरवावे लागत नाही. वजन पेलायचे नसल्यामुळे हलकासा झोतही पुरतो. मात्र एकदा निघाले की थांबायलाही उलटा झोत लागतो, कारण घर्षण नाही, जमीन नाही. वीज संपत आली की यंत्र आपण होऊन आपल्या गोठ्यात जाते आणि खुंटीला लागते. कोणी त्याला बांधायला जावे लागत नाही. एक लहानसा हात आहे. त्याने भिंतीवरची दांडी धरायची, पंखे बंद करायचे आणि वटवाघळासारखे लटकून कॅमेऱ्याने पाहत बसायचे. कोणाच्या अंगावर येते आहे असे वाटले तर माणसाने सरळ हाताने धरावे. एवढी साधी सोय मला फार आवडते.

आणि आपण कोठे आहोत हे त्याला कसे कळते? येथे खरी विद्या आहे. त्याच्या पोटात स्थानकाच्या आतील भिंतींचा चित्रांवरून केलेला नकाशा असतो. कॅमेऱ्याला दिसणारे कोपरे, खिळे, पाट्या, तारा यांची खूण तो नकाशातल्या खुणांशी ताडून पाहतो आणि आपली जागा ठरवतो. ऐकायला सोपे वाटते. पण दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत आंधळ्या आजोबांना घरात वावरताना काय होते ते आठवा. रोजचा पाट जागेवर नाही, कपाट फिरवलेले! स्थानकावर ही साफसफाई बारा महिने चालते. आज ज्या भिंतीवर पाटी होती तिच्यावर उद्या सामानाच्या चार पिशव्या बांधलेल्या असतात. कोणी दिवा मालवतो आणि सावल्या बदलतात. नकाशा शिळा होतो. अशा वेळी पुढे न घुसता थांबणे, ‘मी कोठे आहे हे मला खात्रीने सांगता येत नाही’ असे कबूल करणे, हे त्या यंत्राला शिकवावे लागते. माणसांनाही हे लवकर येत नाही.

जपान्यांनीही ‘इंट-बॉल’ नावाचा एक १५ सेंटिमीटर व्यासाचा, एक किलो वजनाचा गोळा २०१७ साली पाठवला. त्याचे काम एकच, फोटो काढणे. कारण अंतराळवीरांच्या कामाच्या वेळातला सुमारे दहावा हिस्सा निव्वळ फोटो काढण्यात जातो असे त्यांना आढळले होते. एक छोटे कंटाळवाणे काम पूर्णपणे अंगावर घ्यायचे, ही दृष्टी मला शहाणपणाची वाटते. ॲस्ट्रोबीवरही रेडिओ-लहरींनी ओळखता येणाऱ्या चिठ्ठ्या वाचणारे यंत्र बसवून हरवलेल्या वस्तू शोधण्याचे प्रयोग झाले आहेत. रुबिओसाहेबांचे अश्रू कोणी तरी पुसायला हवेतच!

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, आपल्या व्योममित्राचे काय? इस्रोने जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूला ह्या यंत्राचे दर्शन घडवले. स्त्रीचे रूप, कमरेपासून वर शरीर, पाय नाहीत. तिची योजना गगनयानाच्या निर्मनुष्य उड्डाणासाठी झाली. माणूस बसण्यापूर्वी त्या जागी काय काय होते ते अनुभवायचे, यंत्रफलकावर लक्ष ठेवायचे, कळवायचे. म्हणजे हा गडी नव्हे, ही माणसाआधी जाऊन वाट पाहून येणारी आहे. तिला माणसाचा आकार असायला कारण आहे. तिला मी आज ज्या मापाने मोजतो आहे त्या मापाने मोजू नये. नावाची मात्र गंमत आहे. ती दिसते स्त्री, मराठीत मित्र पुल्लिंगी, आणि संस्कृतात ‘मित्र’ म्हणजे सखा ह्या अर्थी तो शब्द नपुंसकलिंगी! यंत्राला ह्याहून चोख नाव कोणाला सुचले असते?

आता दूरध्वनीच्या मुद्द्याकडे येतो. चंद्रापर्यंत रेडिओचा संदेश जायला सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत, तो जवळ असेल तेव्हा तीन मिनिटे आणि दूर असेल तेव्हा बावीस. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर यायला पाऊण तासापर्यंत वेळ. हा प्रकाशाचा वेग आहे. कोणत्याही सरकारने कितीही पैसे खर्च केले तरी तो वाढायचा नाही. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला काय झाले हे नानासाहेब पेशव्यांना आठवडा उलटून गेल्यावर कळले. रणांगणावरच्या माणसाने पुण्याला विचारून निर्णय घ्यायचा ही गोष्टच तेव्हा संभवत नव्हती. तारायंत्र आले, टेलिफोन आला, आणि आपण ती अवस्था विसरलो. मंगळाच्या वाटेवर ती पुन्हा येणार आहे.

योगायोगाने तारीख तीच, १४ जानेवारी; साल २०१५. स्थानकावर अमोनिया गळत असल्याची घंटा वाजली. बाहेरच्या नळांतून थंडाव्यासाठी अमोनिया खेळवलेला असतो; तो आत आला तर थोड्या वेळात माणसे मरतील. सहाही जण ठरलेल्या रीतीप्रमाणे रशियन विभागात गेले, मधले दार लावून घेतले आणि थांबले. जमिनीवर शेकडो माणसे आकडे तपासत बसली. दाब पाहिले, तपमाने पाहिली, आणि काही तासांनी निष्कर्ष निघाला की गळती नाहीच. एका संगणकातल्या भागाने खोटी हाकाटी केली होती. त्याच रात्री ते सहा जण परत गेले.

हाच प्रसंग मंगळाच्या वाटेवर घडला आहे अशी कल्पना करा. चार माणसे दार लावून बसली आहेत. जमिनीवरचे शेकडो तज्ज्ञ आहेत, पण प्रत्येक प्रश्नाला पाऊण तास. फ्रँकफुर्टच्या संगणकावर विचार करणारा सायमन येथे काय कामाचा? येथे दारापलीकडे जाऊन, हवा हुंगून, नळ पाहून, जे दिसले ते सांगणारा कोणी तरी हवा. आणि त्याची बुद्धी त्याच्याच डोक्यात हवी. ॲस्ट्रोबीकडून नेमकी अशीच तालीम करून घेतली गेली आहे. प्रसंग मुद्दाम रचलेला होता. यानात कार्बन डायऑक्साइड वाढला आहे असे समजायचे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही. पंखे थांबले तर माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचून राहतो. तेव्हा हवेचा कोणता झरोका बंद पडला ते शोधायचे. यंत्राने हिंडून आतली पाहणी केली, आणि झरोक्यावर आडवी आलेली वस्तू हुडकून दाखवली. कामगिरी छोटी आहे. माझ्या मते हस्तांदोलनापेक्षा ती मोठी आहे.

येथवर यंत्र पाहते आणि सांगते. पुढचे पाऊल अवघड आहे. त्याने करावे काय? दार उघडावे? झडप बंद करावी? चारही माणसे झोपली असताना, किंवा बेशुद्ध असताना? ह्या क्षेत्रातली तरुण मंडळी ह्यावर उत्साहाने बोलतात, आणि माझे मत त्यांना जुनाट वाटते हे मला माहीत आहे. माझे मत असे की, जे केलेले पुन्हा मोडता येते ते यंत्राने खुशाल आपल्या बुद्धीने करावे. पंखा वाढवावा, दिवा लावावा, पिशवी हलवावी. जे केल्यावर परतवता येत नाही, त्याला माणसाचा हात लागावा. मंडळी म्हणतात, ‘आणि माणूस उठायच्या आत सगळे संपले तर?’ हा प्रश्न खरा आहे. विमानात, अणुभट्टीत काही झडपा माणसाला न विचारता बंद होतात, आणि त्यामुळे माणसे वाचली आहेत हेही खरे. तरी २०१५ सालची ती घंटा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्यावर विश्वास ठेवून एखाद्या हुशार यंत्राने अर्ध्या स्थानकातली हवा बाहेर सोडून दिली असती, तर ते यंत्र आपल्या परीने बरोबरच वागले असते. घंटा खोटी होती हे शोधायला शंका घेणारी माणसे लागली. यंत्राला शंका घ्यायला शिकवता येईल का? थोडीफार येईल. नकाशा जुळत नाही तेव्हा थांबायचे, हे त्याला शिकवता आलेच आहे. दोन मापके वेगवेगळे सांगत असतील तर तिसऱ्याकडे जाऊन पाहा, हेही शिकवता येईल. पण किती वेळ थांबायचे आणि कधी थांबणेच घातक ठरेल, हे ठरवण्याची रीत अजून कोणी कागदावर मांडून दाखवलेली मी तरी पाहिलेली नाही. ते जोवर होत नाही, तोवर मंगळाच्या यानात बसणाऱ्या चौघांनी आपल्यातला एक जण आळीपाळीने जागा ठेवावा, आणि गड्याला त्याच्या शेजारी दांडीवर लटकू द्यावे.

मला सव्वा तास दिला होता. अध्यक्षमहाराजांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. तेव्हा उरलेली दहा मिनिटे आपल्या प्रश्नांसाठी मोकळी ठेवतो आणि येथेच थांबतो.